फिकट राखाडी

३ मार्च
बाबांनी आज घड्याळदुरुस्तीची सगळी हत्यारं शेजारच्या टेलरला देऊन टाकली. बारीक चिमटे, स्क्रूड्रायव्हर, डोळ्याला लावायचं भिंगसुद्धा! "डोळे गेले गं माझे. पडद्यावरचं माझंच लिहिलेलं मला दिसत नाही." घड्याळदुरुस्तीचं पुस्तकही सोडलं म्हणे. अर्धं लिहून झालंय! मी नुसतं "असं काय करता, बाबा" म्हटलं.
डोळ्यांच्या डॉक्टरांची ७ तारखेची वेळ घेतली.

४ मार्च
डोळे कसले! मी!
त्यांचा लॅपटॉप उघडला. मधेच चार्जर निसटला आणि पडदा काळा — बॅटरी कधीच मेली आहे. पुन्हा लावला, पाहिलं, आणि कळलं.
मी ज्या एडिटरमध्ये कोड लिहिते, त्यातच बाबा पुस्तक लिहितात; दोघांची सेटिंग्ज एकच. मागच्या महिन्यात कोडमधल्या टिपा माझ्या डोळ्यांत खुपत होत्या, म्हणून 'टीप' या प्रकाराचा रंग मी फिकट राखाडी केला. आधी ती ठळक निळी होती, बाबांना तो रंग आवडायचा. म्हणून त्यांचा मजकूर, मथळे, इशारे, सगळ्यांना मी कंटाळा करून एकच सांगून ठेवलं होतं: रंग 'टीप'कडून घ्या. घेतला बिचाऱ्यांनी! बापाचं नाक पोरांना यावं तसा. पांढऱ्यावर फिकट राखाडी — मलाच ओळ शोधावी लागली.
जेवताना मी सांगणार होते. तोंड उघडलं आणि म्हटलं, "भाजी छान झालीय." भ्याड!

५ मार्च
नाही सांगितलं. बाबा दिवसभर खिडकीपाशी बसून होते, हात मांडीवर. रिकामे हात घेऊन बसलेले मी त्यांना कधी पाहिलेच नव्हते. माझी मलाच लाज वाटते.

६ मार्च
सकाळी सेटिंग्ज बदलली. त्यांच्या मजकुराला स्वतःचा रंग — काळा, जाड, अक्षर मोठं. आता कोणाकडून काही घेणं नाही. मग एका दमात सगळं सांगून टाकलं. बाबा हसायलाच लागले! "म्हणजे आंधळा मी नाही, तू!" मला ऑफिसला उशीर झालेला; टेबलावरचं हाताला लागेल ते पिशवीत कोंबलं आणि पळाले.
दुपारी फोन केला. "लॅपटॉपपुढेच बसलोय. लख्ख दिसतंय गं!" आणि घडाघडा वाचूनच दाखवलं — पहिलं प्रकरण, थेट 'स्प्रिंग काढताना श्वास रोखून धरा'पर्यंत. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले. "आता तो डॉक्टर कशाला?" बाबा म्हणाले, म्हणून उद्याची वेळ रद्द केली. टेलरकडून हत्यारं परत मागायची आहेत. कसं मागू? मागेन!

६ मार्च, संध्याकाळ
घरी येऊन पिशवी रिकामी केली. चार्जर दोन निघाले. एक माझा, एक बाबांचा. मग दुपारी बाबांनी वाचलं ते कशावरून?