तळव्यानं पास केलेलं इंजिन

लोणावळा, १० फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आबांस,
चैतालीचा सविनय जय भीम, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मोबाईलवरचं वाचायचा कंटाळा. म्हणून हौशीरामच्या दुधाच्या टेम्पोतून ही चिठ्ठी.

मागच्या आठवड्यात तुम्ही औंढ्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये येऊन विमानाच्या इंजिनावर तळवा ठेवलात आणि झकास म्हणालात, तेव्हापासून आमचे मालकसाहेब हवेत आहेत. रेल्वे शेडमध्ये तीस वर्षं हात लावून इंजिनं पास करणाऱ्या माणसानं आपलं पास केलं, असं येईल त्याला सांगतात. रविवारी, २३ तारखेला, आमचा पायलट हमदान ते दोन सीटांचं विमान पहिल्यांदा उडवणार.

आबा, मला धडकी भरलीय. इंजिन गरम असताना बंद केलं की पुन्हा चालूच होत नाही. यात पिस्टन नाहीत. तीन कोनांचा रोटर आत फिरतो आणि प्रत्येक कोनावर एक बारीक सील असतं. त्यातलं एक गेलंय, कारण तीनपैकी त्याच्या दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत दाब कमी येतो. पिस्टनवालं बिघडलं की ठोकतं, हादरतं. हे मुकाट फिरत राहतं. तुमचा हात फसला असेल. एकदा येऊन साहेबांना सांगा ना! मी तोंड उघडलं की वडिलांपेक्षा तुला जास्त कळतं का, असं ऐकवतात.

लेकीवर माया आहेच, ती कमी करू नका.
तुमची चैताली

बेडसे, १२ फेब्रुवारी

चि. चैतालीस,
आबाचा जय भीम आन् पोटभर आशीर्वाद.

लय शानी झालीस गं! आयटीआयला तुला मीच घातली, आन् आता तू माझा हात तपासतीस व्हय? पिस्टन असू दे न्हाईतर रोटर, इंजिन ते इंजिन. हातच्या काकणाला आरसा कशाला? रविवारी मागच्या सीटवर मी स्वतः बसनार. साहेबाला शब्द दिलाय.

हमदानची आई, लैलाभाभी, परवा आल्ती. पोराच्या काळजीनं निम्मी झालीया. मी तिला बिनघोर झोप म्हनलो. आता त्यो शब्द मागं घेऊन गावात तोंड कसं दाखवू?

येळेवर जेवत जा. रागवलीस तरी ममता ऱ्हाऊ दे.
तुजा आबा

लोणावळा, १८ फेब्रुवारी

तीर्थरूप आबांस,
सविनय जय भीम, वि. वि.

आज एक्झॉस्टच्या नळीतून त्या सीलचाच धातूचा तुकडा निघाला, नखाएवढा. साहेबांनी तो पाहिला, ड्रॉवरमध्ये टाकला. रविवारी गिऱ्हाईक पाहायला येतंय, आता खोलाखोल नको म्हणाले. मी हमदानला गाठलं, तर तो हसला. आबा मागं बसतायत, मग मला कसली भीती, म्हणाला.

तुम्ही बसताय म्हणून तो बसतोय, आणि तुम्ही हट्टापायी बसताय. डोंगरावर इंजिन बंद पडलं तर खाली उतरायला जागा कुठंय? आई गेल्यापासून मला तुम्हीच आहात हो. एकच विचारते, खरं सांगा. त्या दिवशी हाताला काय लागलं?

लोभ राहू द्या, पण हट्ट सोडा.
चैताली

बेडसे, २२ फेब्रुवारी

चि. चैतालीस,
जय भीम.

काय बी लागलं न्हाई.

दोन वर्सं झाली, साखरेच्या आजारानं तळवा बधिर झालाय. तव्यावर हात पडला तरी कळत न्हाई. त्या दिवशी साहेबानं खुर्ची दिली, समदे गोळा झाले, तू लांबनं कौतुकानं बघत व्हतीस. न्हाई कसं म्हनू? झकास म्हनून मोकळा झालो.

आज औंढ्याला जाऊन साहेबाला समदं सांगितलं. आबा, भ्यालात तर बसू नका, हमदान एकटा उडंल, म्हनला. हमदानला बी सांगितलं. त्याला वाटतं, तू रडून मला फिरवलंस. माझं व्हय समद्यांनी ऐकलं, न्हाई कुनी ऐकत न्हाई.

मग लैलाभाभीच्या दारात गेलो. मी खोटं बोललोतो, हे तिच्या तोंडावर सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. लय येळ माझ्या हाताकडं बघत ऱ्हायली. मग इचारलं, उद्या किती वाजता?

सातला विमान सुटायचं हाय. साडेसहाला आमी दोघं धावपट्टीच्या मधोमध जाऊन बसनार. आईच्या अंगावर हमदान विमान घालनार न्हाई. पर त्या विमानाचं नाक वर असतं, जमिनीवर असताना समोरचं दिसत न्हाई म्हनत्यात. म्हनून भाभीनं तांबडी चादर काढून ठेवलीया.

तू येऊ नगंस. आमी उठलो न्हाई तर घराची किल्ली शेजारच्या हिराकाकूकडं हाय.

पोरी, माझ्या एका झकासनं हे समदं झालं. तरी बाप म्हनत ऱ्हा, एवढीच मागनी.
आबा