बस सुटली आणि लाईट गेली

ती. दोरोतेआ आत्या हिस,

आधी आशीर्वाद दे, मग पुढचं वाच. तुझे गुडघे कसे आहेत? राजधानीतल्या त्या जिन्यांवर ते अजून टिकून असतील अशी आशा करतो. इकडे नूरिस (माझी बायको, जी तुला माझ्यापेक्षा जास्त आवडते) ठणठणीत आहे. सासूबाई तर गरजेपेक्षा जास्तच.

तर झालं असं, आमच्या फादरनी प्रवचनात सांगितलं की घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून सिनेमे पाहावेत आणि मग त्यांतल्या मूल्यांवर चर्चा करावी. माझ्या ते पथ्यावरच पडलं. आमची येरलिन तुमच्या तिथल्या नर्सिंगच्या शाळेत जायचं म्हणून हटून बसलीय, हे तू जाणतेसच. एकुलती एक पोर डोळ्यांआड करायची माझी छाती होत नाही, आणि तिला तोंडावर नाही म्हणायचीही होत नाही. तेव्हा हे काम परस्पर सिनेमानंच करावं असं मी ठरवलं. बाजारातल्या डीव्हीडीवाल्याला विचारलं, बापाचं न ऐकता शहरात जाणाऱ्या मुलीचा एखादा आहे का? तो म्हणाला, "आहे ना! शेवटी नुसती रडारड." मी डोळे झाकून घेतला.

रविवारी जेवणं उरकून सगळे बसलो. सिनेमातल्या बापाचे गुण मी मधूनमधून सिनेमा थांबवून समजावत होतो (नूरिसनं रिमोट काढून घेईपर्यंत). सासूबाई थेट पडद्यावरच्या मुलीलाच सांगत होत्या, "अगं, स्वेटर घे, बसमधल्या एसीनं गारठून मरशील!" मुलगी बसमध्ये चढली, खिडकीतून हसली, बस सुटली, आणि लाईट गेली. आपल्या गावची लाईट तुला ठाऊकच आहे. तिची वाट पाहण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी तशीच चर्चा सुरू केली.

"ही पुढे पस्तावते," मी म्हणालो.

"पप्पा, तुम्ही पाहिलाय का पुढचा?"

"नाही, पण..."

"मग जेवढा पाहिला तेवढ्यावर बोलू. मुलगी धीट आहे. बाप चांगला आहे, पण घाबरट."

"आणि पोरीबरोबर साधा डबासुद्धा दिला नाही मेल्यानं," सासूबाई म्हणाल्या. नूरिसनं उठून कपाटावरची सुटकेस खाली काढली. चर्चा संपली.

म्हणून कळवतो, येरलिन येत्या सोमवारी तुझ्याकडे येतेय. तिला सकाळी कॉफीशिवाय बोलता येत नाही, तेवढं सांभाळून घे. मी रागावलोय, त्यामुळे स्टँडवरसुद्धा सोडायला जाणार नाही, असं घरात मोठ्यानं जाहीर केलंय.

तुझा भाचा,
लिओकादियो

ता. क. लाईट आल्यावर उरलेला सिनेमा मी एकट्यानं पाहिला. डीव्हीडीवाला खोटं बोलला नव्हता, रडारड आहे. मुलगी मजेत असते. बाप रडतो, कारण तो स्टँडवर पोचतो तेव्हा बस सुटलेली असते.

आणखी एक. तुझ्या ओसरीत दोन-चार दिवस माझा झोपायचा जाळीचा झोपाळा टांगायला जागा होईल का? तिकिटं दोन काढलीत. घरात कुणाला बोललो नाही. सासूबाईंना मात्र कळलं असावं, कारण त्यांनी स्वेटरही दोन काढून ठेवलेत.