स्वच्छ केलेला चेहरा

रविवार, २ फेब्रुवारी

कुडत्याची बाही गार पाण्यात भिजत घातली आहे. रक्त माझं नाही. गरम पाणी घातलं असतं तर डाग पक्का झाला असता. प्रयोगशाळेत इतकी वर्षं रक्ताशी गाठ पडल्यावर एवढं तरी कळतं.

क्रमानं लिहिते. नाहीतर उद्यापर्यंत सगळ्याची सरमिसळ होईल.

खुडबुड्याला, म्हणजे माझ्या भाच्याला, काचेच्या फोनवाल्या कंपनीचं नवं दुकान बघायचं होतं. घ्यायचं काहीच नव्हतं. तो कॉलेजसाठी माझ्याकडे राहायला आल्यापासून आमचे रविवार असेच जातात. कधी जुन्या पार्टांची गल्ली, कधी कुठल्या तरी कंपनीचं उद्घाटन, आणि वाटेत त्याचं प्रवचन. त्याचा नियम साधा आहे. ज्या वस्तूला स्क्रू दिसतो ती माणसांची कंपनी. जी डिंकानं चिकटवून टाकते ती सावकाराची. आज रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं तो मला सांगत होता, की हे लोक फोन विकत नाहीत, जन्मभराच्या भाड्यानं देतात. पुढचा एक टायवाला वळून म्हणाला, "मग तू रांगेत कशाला?" खुडबुड्या म्हणाला, "शत्रूचं घर आतून बघून ठेवावं." सगळे हसले. टायवालाही हसला.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर पिवळ्या पिशवीवाल्या कंपनीचं ऑफिस आहे. तिचं सामान घरोघर पोचवणारी पोरं सकाळपासून खाली ठाण मांडून बसली होती. ॲपनं त्यांची खाती अचानक बंद केली होती आणि कारण कुणी सांगेना. दुकानाच्या रखवालदारांनी त्यांना रांगेपासून मागे रेटलं. कुणीतरी हेल्मेट भिरकावलं. दुकानाच्या काचेला तडा गेला आणि मग कोण कुणाला मारतंय हे कळेनासं झालं — रखवालदार, पोरं, रांगेतले लोक, आजूबाजूचे कामकरी. मघाचा टायवाला खाली पडलेल्या एकाच्या पोटात लाथा घालत होता. अगदी मन लावून. मधेच थांबून त्यानं टाय खांद्यावर टाकला.

माझ्यापासून हाताच्या अंतरावर एका उंच पोराच्या तोंडावर कुणीतरी काहीतरी लांब, चकाकणारं मारलं. आणि तो खाली वाकलेला असतानाच पुन्हा मारलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. जबडा हाताला सैल लागला. डाव्या डोळ्याबद्दल लिहवत नाही.

वर बघितलं तर भाचा मोबाईल धरून उभा. चित्रण चालू! मी उठले आणि त्याच्या थोबाडीत दिली. त्याच रक्तानं माखलेल्या हातानं. आजवर त्याच्यावर कधी हात उचलला नव्हता. सगळेच मारत होते म्हणून मलाही ते सुचलं का?

सोमवार, ३ फेब्रुवारी

उंच पोराचा डोळा काढावा लागला.

काचेच्या फोनवाल्यांनी ग्राहकांच्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली आहे. पिवळ्या पिशवीवाल्यांनी कळवलं, की तो आमचा नोकर नाही, भागीदार आहे. खुडबुड्या म्हणाला, भागीदारी आहे तर अर्धा डोळा यांचाही जायला हवा होता.

थोबाडीत मारल्याबद्दल मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, मी चित्रण केलं नसतं तर पुरावा राहिला नसता. बरोबर आहे. पण त्याचं बरोबर असणं मला आवडलं नाही — हेही इथे लिहून ठेवते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

चित्रणात मारणारा दिसतो, पण त्याचा चेहरा म्हणजे नखाएवढा डाग. डोळ्यांच्या जागी ठिपके, खाली एक काळी रेघ. मिशी असेल, सावलीही असेल.

खुडबुड्यानं त्यावर एक प्रोग्रॅम चालवला. पुसट चेहरे स्वच्छ करून देणारा. त्याच्या मते जगात जी एकच सज्जन कंपनी आहे, तिचा. फुकट देतात, आतली रचना उघडी ठेवतात. म्हणजे सगळे स्क्रू दिसतात. मशीनचा पंखा घरघरला, आणि पडद्यावर त्या डागाचा हळूहळू माणूस झाला. रुंद कपाळ, जाड भुवया, मिशी, उजव्या गालावर खड्डा. कातडीवरची छिद्रंसुद्धा.

"मावशी, तू अगदी जवळ होतीस. हाच ना?"

"हो," मी म्हटलं. "असाच होता."

त्यानं ते चित्र सगळ्या जगापुढे टाकलं. खाली लिहिलं — डोळा फोडणारा हा.

बुधवार, ५ फेब्रुवारी

चित्र जिथे तिथे. प्रयोगशाळेतल्या शिपायानं मलाच आणून दाखवलं. ताईचा फोन आला. पोराच्या कौतुकानं फुलून गेली होती; दिवसभर त्या डब्यासमोर बसतो म्हणून मी बोलायचे, म्हणाली, पण बघ, शेवटी कामाला आलं.

दुपारी तपासायला एक काचपट्टी आली. तिच्यावर पेशी इतक्या थोड्या, की काही ठरवता येईना. मी सवयीनं शेरा लिहिला: नमुना अपुरा, पुन्हा घ्यावा. आणि पेन हातातच राहिलं. अनोळखी माणसाच्या काचपट्टीला मी जो शेरा न चुकता देते, तो काल घरात का दिला नाही?

डोळे मिटून तो क्षण आठवून बघितला. मारणारा लख्ख समोर येतो. खड्डा, भुवया, छिद्रं. पण हे तर पडद्यावरचं आहे. त्याआधी माझ्याजवळ काय होतं? खरवडून बघितलं. काही हाती लागत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पिवळ्या पिशवीच्या पोरांनी त्याला शोधून काढलं. एसी दुरुस्त करणारा आहे. त्या दुकानाच्या मागच्याच रस्त्याला गाळा.

हेही कुणीतरी चित्रित केलंय. यातलं काही स्वच्छ करायची गरज नाही. तो उघड्या मशीनवर वाकलेला. मागून हेल्मेट बसतं. तो वळून काहीतरी विचारतो, बहुतेक "काय झालं?" मग त्याला केसांना धरून बाहेर ओढतात. त्याचा हात गाळ्याच्या उंबऱ्यावर राहतो, आणि एकजण शटर खाली खेचतो. त्या बोटांवर. पुन्हा वर नेतो, पुन्हा खेचतो. मागून कुणीतरी हसतंय. कुणीतरी ओरडतंय, "डोळा राहिला, डोळा!" डोळा राहिला, कारण पोलीस आले.

मी ते शेवटपर्यंत बघितलं. बघायलाच हवं, असं स्वतःला सांगून. एक गोष्ट दिसली: त्याच्या गालावर खड्डा नाही. मारणाऱ्यांपैकी कुणालाच तो शोधावासा वाटला नव्हता.

शनिवार, ८ फेब्रुवारी

त्याची बायको बातमीत बोलली. रविवारी ते दिवसभर घरी झोपून होते. अंगात कणकण होती. कुणीतरी विचारा आम्हाला, कुणीतरी विचारलं का?

खुडबुड्या सकाळपासून जेवला नाही. संध्याकाळी मला मशीनसमोर बसवलं. माझा एक जुना फोटो घेतला, लहान करत करत त्याचा नखाएवढा डाग केला, आणि तो डाग त्याच प्रोग्रॅमला दिला. पडद्यावर एक बाई आली. नाक दुसरं, हनुवटी दुसरी, कानात मी कधीच न घातलेले डूल. चाळिशीची, सुस्वभावी. कुणीही शपथेवर सांगितलं असतं, की अशी बाई आहे.

"तो स्वच्छ करत नाही, मावशी. नसतं ते भरतो. हजारो चेहरे बघून अंदाजानं भरतो."

हे तुला आज कळलं, असं मी विचारलं. 

"माहीत होतं. पहिल्याच पानावर लिहिलंय त्यांनी. पण चेहरा इतका सुरेख आला, की विसरलो."

मला राग यायला हवा होता. पण ते पान न वाचताच मी "हो" म्हणाले होते.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज कुठे बाहेर गेलो नाही.

ताई फोनवर म्हणते, चित्र गुपचूप काढून टाका आणि तोंड मिटून बसा. चव्हाट्यावर जाऊन स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेताय? ती आई आहे. मी मावशी आहे म्हणून मला न्यायाचं सुचतंय का, हेही तपासून बघितलं. नसावं. एसीवाल्याची बोटं शटरखाली दिसतात.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पोलीस चौकीत गेलो. एसीवाल्यावर गुन्हा दाखल आहे. इस्पितळातल्या खाटेवरच त्याला अटक होणार. पुरावा, आमचं चित्र. फौजदारानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चेहरा तर आरशासारखा स्वच्छ आहे." त्यासाठीच तर आलोय, असं खुडबुड्या म्हणाला. फौजदारानं माझ्याकडे बघून विचारलं, याचं डोकं ठिकाणावर आहे ना?

घरी येऊन त्यानं तोच डाग पुन्हा पुन्हा प्रोग्रॅमला दिला, दर वेळी आतलं काहीतरी बदलून. एका डागातून कितीतरी माणसं निघाली. म्हातारा, पोरसवदा, दाढीवाला, एक तर थेट आमच्या दूधवाल्यासारखा. ते सगळे चेहरे एका ओळीत लावले, स्वतःचं नाव घातलं, आणि खाली लिहिलं — चित्र मी बनवलं. तो माणूस निर्दोष आहे.

मी म्हटलं, निर्दोष कशाला लिहितोस? आपल्याला ठाऊक नाही, एवढंच लिही.

"ठाऊक नाही, असं लिहिल्यावर कुणाची अटक थांबते का, मावशी?"

पटलं नाही. पण थकले होते. लिहू दिलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आधी खिडकीतून दगड आला. मग तो दूध आणायला खाली गेला असताना जिन्याच्या तोंडाशी त्याला गाठलं. मी पोचले तेव्हा एकजण त्याच्या पाठीवर गुडघा रोवून बसला होता आणि दुसरा त्याचं तोंड पायरीवर आपटत होता. पिशवी फुटली होती. दूध आणि रक्त एकत्र खाली वाहत होतं. आधी पेटवतोस आणि मग विझवायला येतोस काय, असं काहीतरी ते ओरडत होते.

मी लोखंडी बादली उचलली आणि हाणली. कुणाला लागली ते बघितलं नाही. पुन्हा हाणली. ते पळाले.

पुढचे दात गेले. दोन्ही. ओठाला टाके. तशा तोंडानं त्यानं आधी काय विचारलं, तर बोबड्या शब्दांत — चेहऱ्यांची ती ओळ अजून सगळ्यांना दिसतेय ना?

बादलीला पोचा आला आहे. ज्याच्या डोक्यानं तो पडला, त्याचा चेहरा मला आठवत नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

उलटलं वारं. पिवळ्या पिशवीच्या पोरांचा म्होरक्या घरी आला, दारातच उभा राहिला, खुडबुड्याच्या तोंडाकडे बघून मान खाली घातली. अटक टळली. गुन्हा मागे घेतला. सज्जन कंपनीनं खुलासा काढला, की प्रोग्रॅम जसा आहे तसा दिला होता, वापरणाऱ्यानं आपली जबाबदारी ओळखावी. खुडबुड्यानं तो वाचला आणि काही मतच दिलं नाही. मशीन बंद करून त्यावर चादर टाकली आहे.

काल तो उंच पोरगा, डोळ्यावर पट्टी, जबड्याला तारा, आपल्या सोबत्यांच्या वतीनं माफी मागायला एसीवाल्याच्या खाटेशी गेला होता. बोलता येत नाही, म्हणून त्याचा प्लॅस्टर घातलेला हात धरून नुसता रडला म्हणे. एसीवाल्यानं हात सोडवून घेतला. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. सगळे म्हणाले, बरोबर आहे, एवढं सोसल्यावर माणूस कुणाला माफ करणार?

ताई म्हणाली, तुझ्यामुळे पोरगा सरळ राहिला. मी तिला अडवलं नाही. आवडलं ऐकायला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

एसीवाल्याला भेटायला गेले. एकटीच. बायको औषधं आणायला खाली गेली. तिची पावलं लांब जाईपर्यंत तो दाराकडे बघत राहिला.

"तुमच्या पोराला सांगा," तो म्हणाला. "गालावरचा खड्डा चुकला होता. माणूस नाही."

मी मागे वळून दाराकडे बघितलं.

"पाना माझ्याच हातात होता, बाई. आता तो एका डोळ्याचा पोरगा रोज येतो."

बायको आत आली. काय म्हणत होते, तिनं विचारलं.

पाणी मागत होते, मी सांगितलं.