तळघरातला जलदुर्ग

बॉथेल, २ नोव्हेंबर १९८५
पोचलो एकदाचा! घर झकास आहे. वर माझी खोली, खाली तळघर, मागे उंच झाडं. पुण्याच्या साप्ताहिकाला एका जपानी किल्ल्याचा इतिहास हवा आहे. जपानचं तिकीट काढण्यापेक्षा सिएटलचा बातमीदार उपनगरात हलवणं संपादकांना सोयीचं वाटलं. घरमालकीण ओकाडाकाकू (नातं मीच जोडलं, त्यांना कल्पना नाही) किल्ली देऊन मुलीकडे पोर्टलंडला गेल्या. त्यांचे दिवंगत यजमान त्या किल्ल्यावर शिपाई होते. त्यांनी हुबेहूब बांधलेली प्रतिकृती तळघरात आहे.

३ नोव्हेंबर
कुरोसाकीचा किल्ला, शास्त्राप्रमाणे शुद्ध जलदुर्ग. बंदर राखायला गेल्या शतकात बांधला. तोफा समुद्राकडे तोंड करून शत्रूची वाट पाहत म्हाताऱ्या झाल्या. शत्रू काही फिरकला नाही. प्रतिकृतीतलं बंदर प्लास्टरचं, निळं रंगवलेलं. बुरुजात एक रिकामा कोनाडा आहे. दिवाळी तोंडावर, समोर आयता किल्ला; मग हात कसा आवरणार? कोनाड्यात पणती ठेवली. मापाची केल्यासारखी बसली.
पुण्याला बायकोला, कांचनला, फोन केला. पन्नाशीत किल्ला-किल्ला खेळताय, म्हणाली. दहा तारखेला येताना मावळे आणू का?

५ नोव्हेंबर
रोज संध्याकाळी पणती लावतो. आज निळं प्लास्टर ओलं लागलं. बोट चाटून पाहिलं, खारट. तळघर आहे, ओल धरणारच. पण वास समुद्राचा येतो, आणि समुद्र इथून बराच लांब.
बंदराच्या तोंडाबाहेर एक चिमुकली नाव आहे. आधी कशी दिसली नाही? चष्म्याचा नंबर वाढला असावा.

६ नोव्हेंबर
नाव बंदराच्या तोंडाशी आली आहे. चष्म्याचा दोष नव्हे.

७ नोव्हेंबर
पणती लावली आणि वल्ह्यांचा आवाज आला. मग माणसांचा — हाका मारल्यासारखा, आनंदाने. मी घाबरून पणती फुंकली. हाका मध्येच तुटल्या. शांतं पापम्!
तेव्हापासून तळघराचं बाहेरचं दार कोणीतरी ठोठावतं आहे.

८ नोव्हेंबर
काकूंना फोन केला. पणतीचं आणि ठोठावण्याचं सांगितलं. मग म्हणाल्या, यजमानांकडे दिव्याचं काम होतं. कोनाड्यात दिवा म्हणजे बंदर खुलं. युद्धाच्या शेवटी आपलीच नाव दिवा पाहून आत शिरत होती, तेवढ्यात वरून हुकूम आला. त्यांनी दिवा फुंकला. तोफांनी अंधारातल्या नावेला शत्रू समजून उडवलं. किल्ल्याने आयुष्यात एकदाच तोफ डागली, तीही आपल्याच माणसांवर. ती माणसं दिवा फुंकणाऱ्याला शोधत असतात, म्हणून यजमानांनी इथेही कोनाडा रिकामाच ठेवला.
तुम्ही नुसता लावलात ना, त्यांनी विचारलं. फुंकला नाहीत ना?
मी खरं सांगितलं. काकू रडायला लागल्या.

९ नोव्हेंबर
पणती नदीत फेकली. दाराला कपाट लावलं. ठोठावणं थांबत नाही. अंगात ताप. उद्या कांचनला विमानतळावरूनच सिएटलला प्रतापकडे न्यायचं. तो आमचा पुण्यापासूनचा दोस्त, त्याला काहीतरी थाप मारता येईल. तिने या घरात पाऊल टाकता कामा नये. दिवा तर —

१० नोव्हेंबर, धनत्रयोदशी
तापात झोप लागली. विमान लवकर आलं. मी दिसलो नाही म्हणून तिने प्रतापला फोन केला, तो परस्पर तिला इथे सोडून गेला. उठतो तर कांचन खाली — मावळे मांडते आहे. पणत्यांचं खोकंच आणलंय पुण्याहून. ओरडलो, लावू नकोस! मी ती फुंकली तेव्हापासूनच हे सुरू झालंय! म्हणाली, सणाचा किल्ला अंधारात ठेवतात का? लावल्या सगळ्या.

ठोठावणं थांबलं.

उठवत नाही. ताप चढलाय.
कांचन खालून सांगते आहे, पाहुणे आलेत, बिचारे नखशिखांत भिजलेत. चहा टाकते. त्यांची भाषा कोणती कोण जाणे, पण हिला कळते आहे. ते विचारताहेत म्हणे, त्या संध्याकाळी दिवा कोणी विझवला.
सांगू नकोस — आवाज फुटत नाही —
ती हसते आहे. अहो, आमच्या ह्यांनीच, म्हणते आहे. वर झोपलेत, जिना चढून