नवसाचा कोंबडा

पवनार,
शनिवार दुपार

प्रिय सपना,
तुला आणि छकुलीला अनेक आशीर्वाद.

हे पत्र किशोरच्या पिशवीत सांबाराच्या हिरव्या जुडीखाली ठेवते आहे. उद्या तो समुद्रपूरला येईल तेव्हा त्याच्यासमोर उघडू नकोस. तू म्हणशील, रोज तर फोन होतो. होतो, पण स्पीकर चालू असतो, तुझे सासरे मागून छकुलीला शीळ घालत असतात, तिकडे तुझी आई, इकडे मी, आणि बोलणं होतं ते तिच्या दातांचं नाहीतर पावसाचं. सहा महिन्यांची झाली पोर. तू सव्वा महिन्यानं येणार होतीस, मग तीन महिन्यांनी, मग पोळा झाल्यावर. पोळाही झाला. शेजारची मोहिनी दर दोन दिवसांनी कुंपणावरून विचारते, "काकू, सून कवा येऊन राह्यली?" मी म्हणते, येईल. तुला मात्र विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि विचारलंही नाही. आजही विचारत नाही. आज आपल्या जावयाची बातमी द्यायची आहे. जावई सुधारला.

हसलीस ना? कोंबड्याला जावई हे नाव तुझ्या सासऱ्यांनीच दिलं. "मान पहिला, काम काई नाई, अन् बोलायची सोय नाई," म्हणायचे. आपल्याला मुलगी नाही, तर ही हौस देवीनं अशी पुरवली, असंही वर म्हणायचे. पण चूक माझी होती. पहिल्या वेळी तिसऱ्या महिन्यात तुझं जे झालं, त्यानंतर तू महिनाभर कुणाशी धड बोलली नव्हतीस. पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी तुला न सांगता मरीमायच्या ओट्यावर गेले आणि बोलून आले, सून सुखरूप सुटू दे, लेकरू हातीपायी धड येऊ दे, हा तांबडा कोंबडा तुझा. तेव्हा तो मूठभर होता. आणि नवस बोललेल्या कोंबड्याला मारायचं नाही, विकायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही, हे मला माझ्या सासूनं शिकवलेलं. मी त्यात माझं थोडं घातलं. आधी त्याला माझ्या हातावरून ज्वारी, मग कोंबड्यांना. त्यानं खुराड्याच्या छपरावर बसायचं ठरवलं तर छप्पर त्याचं, बाजेवर बसायचं ठरवलं तर बाज त्याची. पाच महिन्यांत त्याला पक्कं कळलं की या घरात आपल्यावर हात उचलणारं कुणी नाही.

पुढचं तू भोगलंसच. दूधवाला रस्त्यावरूनच हाक मारायला लागला. तुझ्या सासऱ्यांची अंगणातली दाढी बंद झाली. तू न्हाणीघरात जाताना हातात सूप घेऊन जायचीस, ढालीसारखं. आम्ही हसायचो. तुला हसू येत नव्हतं, हे मला दिसत होतं. किशोर एकदा म्हणाला, "आई, याले बाजारात देऊन टाक, देवीले दुसरा आणू." मी त्याच्यावर इतकी ओरडले की तो जेवला नाही. देवीला दाखवलेला जीव बदलला आणि तुला काही झालं तर, ही एकच भीती माझ्या डोक्यात होती. त्या भीतीपुढे मला दुसरं काही दिसेनासं झालं. तू माहेरी गेलीस त्याच्या आदल्या दिवसाचं शेवटी लिहिते.

नवस तू लेकरू घेऊन आल्यावरच फेडायचा होता, म्हणून तो राहिला, आणि तू गेल्यावर आणखी चढला. तुझ्या सासऱ्यांनी एकदा माझी पाठ वळलेली बघून त्याला लाथ मारली. तो दोन हात मागे गेला, मान फुगवली आणि दुप्पट वेगानं आला. आषाढात त्यानं मला धरलं. मी वांगी तोडायला वाकलेली, मागून येऊन पायामागचा काटा पोटरीत घातला. टाके पडले, इंजेक्शन झालं, चार दिवस बाजेवर. हे तुला फोनवर सांगितलं नव्हतं, सगळ्यांना सांगायला मनाई केली होती.

तेव्हा मागच्या गल्लीतल्या आनंदाबाई भेटायला आल्या. सत्तरी ओलांडली, पण चाळीस वर्षं अंडी विकून घर चालवलं आहे त्यांनी. पाय बघितला, कोंबडा बघितला आणि मला म्हणाल्या, "गोपिका, तूच त्याले राजा बनवलं, अन् आता तूच रडून राह्यली काऊन? देवीनं कोंबडा मांगतला, मालक नाई मांगतला." मग त्यांनी शिकवलं. हातावरून दाणा बंद, दाणा जमिनीवर, तोही आधी कोंबड्यांना. तो अंगावर आला तर पळायचं नाही आणि मारायचंही नाही. पळालं की तो जिंकला, मारलं की त्याला वाटतं गडी लढायला तयार आहे. जागेवर उभं राहायचं, वरून दोन्ही पंख दाबून उचलायचं, काखेत घालायचं आणि आपलं काम करत राहायचं, तो मान खाली टाकेपर्यंत. आणि तीन कोंबड्यांत हा एक म्हणजे रिकामा गडी, आणखी पाच आण.

आणल्या. पहिल्या दिवशी काखेत घेतल्यावर तो असा किंचाळला की मोहिनी धावत आली आणि म्हणाली, "काकू, फिटला का नवस?" मी जाड पोतं अंगाभोवती गुंडाळून, काखेत कोंबडा, हातात झाडणी अशी अंगण झाडत होते. तुझ्या सासऱ्यांनी फोटो काढला आहे, किशोरकडून घे. असं रोज सकाळी, महिनाभर. आता मी अंगणात आले की तो बाजूला होतो. दाढी पुन्हा अंगणात सुरू झाली. त्याचा जीव कोंबड्याचाच आहे, अनोळखी माणूस आला की अजून मान फुगवतो. म्हणून तुझ्या सासऱ्यांनी खुराड्यापासून विहिरीपर्यंत छातीएवढा बांबूचा तट्टा बांधला. अलीकडे घर, पलीकडे कोंबड्या. अलीकडे रांगायला भरपूर जागा आहे.

काखेत कोंबडा धरला की त्याचं काळीज आपल्या बरगडीला लागतं. एका सकाळी ते लागलं आणि मला आठवलं, असा तो मी आधीही एकदा धरला होता. तुझा सातवा महिना. तू बादली घेऊन येत होतीस, तो तुझ्या पायात आला, तू घसरलीस, बादली त्याच्यावर पडली. मी ओसरीतून धावत आले आणि सपना, मी आधी कोंबडा उचलला. त्याचा पाय मोडला का ते बघितलं. ज्याच्यासाठी नवस बोलले ते माणूस ओल्या अंगणात पडलं होतं, आणि मी नवस काखेत धरून उभी होते. तू तुळशीच्या ओट्याला हात टेकून एकटी उठलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी किशोरला म्हणालीस, मला आजच पोचवून द्या. घरात कुणालाच हे कळलेलं नाही, कारण तू सांगितलं नाहीस, आणि मी माझं झाकलं. नऊ महिने मी तुझी वाट बघितली, पण हे लिहायला मला नऊ महिने लागले. माझं चुकलं. मंगळवारी मी मरीमायच्या ओट्यावर जाऊन सांगून आले, कोंबडा आता सुनेच्या हवाली. ती कापा म्हणेल तर कापू, देवीच्या दारात सोडा म्हणेल तर सोडू, राहू द्या म्हणेल तर राहील, आणि यात काही दोष असला तर तो माझ्या माथ्यावर. देवीनं हरकत घेतलेली दिसली नाही. तुला यायचं असेल तेव्हा ये, नसेल तर मी तिकडे येऊन छकुलीला बघून जाईन, तेही तू म्हणशील तर. आलीस तर फाटकातून हाक मार. कोंबडा तुझे सासरे बघतील. मी आधी तुझ्याकडे येईन.

तुझीच,
पवनारची आई