एस्पोझितोंचा गरुड

रोम, ३ मे १९५६

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.
सर्कशीतलं काम सुटलं. सध्या लिंबांच्या ट्रकवर आहे. वाटेत एक पाद्रीबाबा भेटले, त्यांच्याजवळ पोपट होता, तो प्रार्थना अर्धीच म्हणायचा… ते असो. आपलं एस्पोझितो हे आडनाव थेट लॅटिनातलं म्हणे, रोमन बादशहांच्या भाषेतलं! अर्थही सांगत होते, पण ट्रक सुटला. ताईच्या लग्नाला येतोच. तोवर राग आवरून माया करावी.
आपला,
तुलियो

नेपल्स, २१ मे

चि. तुलियोस,
अ. उ. आ. आशीर्वाद कसले, कान पिळायला हवेत! तुझं लॅटिन वाचून बाबांनी दुकानात आरशावर सोनेरी गरुड टांगलाय. गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून सांगत बसतात, आम्ही रोमन सरदारांचे वंशज. गिऱ्हाइकं गालातल्या गालात हसतात. अनुन्झियाता अनाथाश्रमाच्या भिंतीतल्या फिरत्या पाळण्यात लोक तान्ही पोरं सोडून जात, त्यांचं हे आडनाव, म्हणजे ‘उघड्यावर टाकलेला’, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या पोरांना सगळे मारियामातेची लेकरं म्हणतात.
रेनातोच्या आईला तर मी त्यासाठीच पसंत होते. तो तापातून वाचला तेव्हा तिनं नवस केला होता, मारियामातेच्या त्या लेकरांच्या वंशातलीच सून आणीन. रविवारी तिनं गरुड पाहिला अन् म्हणाली, सरदाराची पोर आणून माझा नवस कसा फिटायचा? लग्न अडलंय, मेल्या! आम्ही पाळण्यातले, एवढं बाबांनी तिला सांगितलं की झालं. पण ते म्हणतात, जन्मभर टोमणे खाल्ले, आता विहिणीपुढे मान खाली घालायची नाही. ये आणि निस्तर.
तुझ्यावर अजून थोडाफार लोभ उरलेली,
फिलोमेना

नेपल्स, १२ जून

चि. तुलियोस,
अ. उ. आ. तू काही उगवला नाहीस. रेनातोच्या आईनं अंगठी परत मागितली. मी ती काढून बाबांच्या हातावर ठेवली. ते साबणाच्या हातानंच त्या बाईला घेऊन अनुन्झियाताला गेले आणि पाळण्याच्या बुजवलेल्या भोकासमोर, भर रस्त्यात ओरडले, की आमचा मूळपुरुष इथून आला, झालं समाधान? बाईनं रडत त्यांचे हात धरले. लग्न सप्टेंबरात.
पण सुख कुठलं! आता बाबा म्हणतात, सरदार गेले खड्ड्यात, आपलं नातं थेट देवाच्या आईशी. रेनातोचं घराणं आपल्या तोलाचं आहे का, याचा ते विचार करताहेत.
लोभ आहेच, पण आता तरी घरी ये.
तुझी,
फिलोमेना