तिसरी बशी

भिवापूर,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सुमतीस,
शामलाताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला रडू येतं आणि तुला हसू, म्हणून हे पत्र. चंद्रभानची गाडी मिरची घेऊन नागपूरला निघाली आहे, त्याच्या हाती देते.

खुशीला नोकरी लागली, त्याची पार्टी तुम्ही धरमपेठेतल्या लेबनीज हॉटेलात केली, हे मला माझ्याच लेकीच्या स्टेटसवरून कळलं. चार वर्षं ती शिकायला तुझ्याकडे आहे, तेव्हा मान तुझा, मान्य. पण फोटो मी मोठा करकरून पाहिला. मधे इवल्या-इवल्या बशा, आणि मावशी-भाची एकाच बशीतून खाताय. घरी माझा हात तिच्या ताटाला लागला तर ही पोरगी ताट सरकवते. वांग्याच्या भरताला नाक मुरडते, आणि तिथे तेच भरीत बाबागनूश म्हणून चाटूनपुसून खाल्लं, असं खाली लिहिलंय.

खरं दुखणं पुढे आहे. फोटोत तिसरी बशी दिसते, भरलेली, आणि तिच्यामागची खुर्ची रिकामी. म्हणजे तिथली बाई फोटो काढायला उठली होती. ती माझी नणंद नंदिनीच असणार. आत्याला बोलावलंत आणि आईला सांगितलंही नाही. मी जळतेय सुमती, खोटं कशाला बोलू?

राग उतरला की लोभ कळवीन.
ताई

धरमपेठ, नागपूर,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सुमतीचा सा. न. वि. वि.

मिरची आणि पत्र दोन्ही पोचलं. जास्त तिखट कोण ते सांगत नाही.

फोटो वेटरने काढला. तिसरी बशी तुझी होती. पहिला पदार्थ आला, मी त्या पिटा रोटीचा तुकडा मोडला, तर खुशीने माझा हात धरला. थांब वं मावशी, आईचा वाटा पहिले काढू दे, म्हणाली. मग हमस, फलाफल, ते भरीत, सगळ्यातलं चांगलं तेवढं तुझ्या बशीत गेलं. घरी काही विशेष केलं की गावाला असलेल्या माणसाचा वाटा आधी काढून झाकायचा, ही आपल्या आईची रीत. तू अजून पाळतेस, आणि हॉटेलच्या फोटोत तुला ती ओळखता आली नाही.

आता माझं ऐक. चार वर्षं तिचा डबा मी भरला, तापात उशाशी मी बसले. मला मूल नाही, हे तुला नव्याने सांगायला नको. ती बशी मला बघवेना. खुशी हात धुवायला गेली आणि मी तुझी बशी सगळी खाऊन टाकली. चव काही लागली नाही.

जमेल तितकी माया ठेव.
सुमती

भिवापूर,
२० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सुमतीस,
अनेक आशीर्वाद.

बशी खाल्लीस, बरं केलंस. नंदिनीला उगाच नावं ठेवली, तेवढं तिला कळू देऊ नकोस.

आज ताज्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या केल्या. सवयीने खुशीचा वाटा काढायला गेले आणि हात थांबला. चार वर्षं माझी लेक तुझ्या घरी जेवते, आणि तुझा वाटा काढायचं मला एकदाही सुचलं नाही. आज आधी तुझा काढला, मग तिचा.

चंद्रभानच्या हाती दोन डबे पाठवते. मोठा तुझा आहे. खुशीने त्यात हात घातला तर सरकव.

तुझी,
ताई